पुढचा दातऱ्या, मागचा चपट्या

"वैजू बाळ, जरा इकडं ये."

दळवी सरांनी गोठ्यामागून हाक मारली तेव्हाच मला खटकलं. तीन वर्षांत सरांनी मला 'शेळके' म्हटलं होतं, 'ए लंबे' म्हटलं होतं, एकदा घाटात माझी साखळी तुटली तेव्हा 'अवलक्षणी'सुद्धा म्हटलं होतं. 'बाळ' कधी म्हटलं नव्हतं. आणि मी जात्याच संशयी. दूधवाल्याच्या तोंडावर दुधाचा वास घेऊन बघणारी. कुणी पेढा पुढे केला तर आधी विचारते, कशाबद्दल?

गेले. सरांनी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं आणि शेणींच्या ढिगामागून गोणपाटात गुंडाळलेलं वेटोळं बाहेर काढलं.

"दातरे हैत. कोरी जोडी. उद्या हेच लावायचे."

"सर, पण ऊन पडलंय की."

"घाटमाथ्यावरचं ऊन ते, त्याचं काय खरं? रात्री पाऊस येणार. सकाळी रानातली वाट म्हणजे नुसती लाल खीर होणार, बघच तू." मग आवाज खाली आणून म्हणाले, "आणि तृप्तीला बोलू नकोस. तुला म्हणून देतोय."

'तुला म्हणून' हे तर 'बाळ'च्याही वर झालं. मी वेटोळं काखेत मारलं आणि पडवीकडे निघाले, पण डोक्यात किडा शिरला तो शिरलाच.

डोंगरातल्या सायकल शर्यतीत टायर म्हणजे अर्धी शर्यत. आमच्या कोल्हापूरच्या क्लबात दोन जातींचे टायर होते आणि त्यांना आम्हीच नावं ठेवलेली. ज्याच्यावर मोठमोठे, लांब लांब दात असतात तो दातऱ्या. तो चिखलात रुततो, पकडतो, आणि फिरता फिरता चिखल झटकूनही टाकतो. पण कातळावर आला की घूं घूं करत पायांतलं बळ खातो. ज्याच्यावर बारीक दाणे एकमेकांना चिकटून असतात तो चपट्या. तो कातळावर नुसता पळतो, आणि चिखलात गेला की दाण्यांच्या फटी भरून साबणासारखा होतो. कधी कुठला लावायचा ते सर ठरवायचे. मात्र एक नियम पक्का होता : पुढचा-मागचा सारखाच हवा. "एका बाजूला खिलार आणि दुसऱ्या बाजूला रेडा जुंपतंय का कोण?" असं सर विचारायचे, आणि आम्ही सगळ्या 'नाही सर' म्हणायचो. टायर सरांकडे, पंप सरांकडे, अक्कलही सरांकडेच, असा आमचा कारभार होता.

शर्यत होती गगनबावड्याच्या बाजूला, जांभूळमाळ नावाच्या डोंगरमाथ्यावरच्या गावी. सप्टेंबर संपत आलेला. दोन फेऱ्या मारायच्या. आधी गावाबाहेरचा सडा, म्हणजे मैलभर उघडा जांभा कातळ. मग रानातली लाल मातीची वाट. मग मुरमाचा उतार आणि परत सड्यावर येऊन शेवट. विभागातून राज्याच्या संघात एकच मुलगी घेणार होते. मी दोन वर्षं राखीव राहिले होते. म्हणजे संघाच्या फोटोत नाही, पण घरच्यांच्या टोमण्यांत मात्र हमखास. पुढच्या वर्षी माझं वय वरच्या गटात जाणार होतं आणि आमच्या विभागात मुलींचा वरचा गटच नव्हता. म्हणजे उद्या, नाहीतर कधीच नाही. तृप्ती चौगुलेचंही अगदी तेच.

तृप्ती माझ्याच क्लबातली. क्लबात दोघीच खऱ्या पळणाऱ्या, ती आणि मी. तीन वर्षं रोज पहाटे पन्हाळ्याच्या वाटेवर एकमेकींचं चाक धरून घाम गाळलेला. पण ती सरांच्या गावची. सरांच्या बायकोला 'काकू' म्हणायची, त्यांच्या घरी जेवायची. त्यामुळे सरांनी कोरी जोडी तिला न देता मला दिली, हे माझ्या घशाखाली उतरेना.

आम्हा दोघींचा मुक्काम गावातल्या गयामावशींच्या घरी होता. मी दातरे सायकलला चढवले आणि गोठ्यापासून एक चक्कर मारून पडवीत आले. तिथे तृप्तीची सायकल उलटी करून ठेवलेली. मला बघताच तिने सायकलवर घोंगडं टाकलं.

"काय करतीस?"

"साखळीला तेल घालतीय."

"घोंगड्याखाली?"

"माश्या बसतात."

"तेलावर?"

"डोंगरातल्या माश्या हैत. कशावर पण बसतात."

तिने माझ्या सायकलकडे बघितलं नाही. म्हणजे इतकं मुद्दाम बघितलं नाही की बघितलंच होतं. मी तोंड धुवायच्या निमित्ताने नळाकडे गेले. तिथे सांडपाण्याने माती मऊ झालेली, आणि त्या मातीत एका चाकाचा ताजा ठसा उमटलेला. बारीक चौकोनी दाणे, एकमेकांना चिकटून. मी उकिडवी बसले. दाण्यांच्या कडा धारदार होत्या. कोरा चपट्या.

आता मात्र माझ्या डोक्यात दिवा पेटला. सरांनी तिलाही जोडी दिली होती, आणि मला दिली त्याच्या बरोबर उलटी. शर्यत एक, वाट एक, सर एक, आणि टायर दोन. दोघींतल्या एकीला खरं सांगितलं होतं आणि एकीला फसवलं होतं. मी आभाळाकडे पाहिलं. ढगाचा ठिपकाही नव्हता. म्हणजे फसलेली कोण हे सांगायला ज्योतिषी नको होता. संतापाने माझे कान तापले. एवढी वर्षं त्या माणसाच्या शिट्टीवर मी घाट चढले होते.

चहाच्या वेळेला पश्चिमेकडून ढग आले. चांगले काळे, पोटात पाणी असलेले. माझ्या जिवात जीव आला. मी बशी फुंकता फुंकता तृप्तीकडे पाहिलं तर तिचा चेहरा उतरलेला. थोड्या वेळाने वारा सुटला, ढग पांगले, पडवीत पिवळं ऊन आलं. तृप्ती गुणगुणायला लागली. मी चहा तसाच ठेवला. पुन्हा ढग आले, तिचं गाणं थांबलं.

"पोरींनो, काय झालंय तुम्हाला?" गयामावशी म्हणाल्या. "आभाळाकडं बघून बघून मान मोडंल की."

मावशी आत गेल्या. तृप्ती कप ठेवून एकदम म्हणाली, "तुझ्याकडं दातरे हैत."

"कुणी सांगितलं?"

"तुझ्या चाकानंच. गोठ्यापासनं इथपर्यंत छापत आलीयस."

"आणि तुझ्याकडं चपटे हैत. नळापाशी तू पण छापलंयस."

तिने घोंगडं ओढून काढलं. लपवण्यासारखं आता काही राहिलं नव्हतं.

"सर काय म्हणाले तुला?" मी विचारलं.

"म्हणाले, ढग नुसते दाखवायला येतात. उद्या खडखडीत ऊन. चपटे लाव, आणि वैजूला बोलू नकोस."

"मला म्हणाले, रात्री पाऊस येणारच. दातरे लाव, आणि तृप्तीला बोलू नकोस."

गोठ्यात म्हैस रेकली.

"मग खोटं कुणाला बोलले?" ती म्हणाली.

"ते काय विचारायचं? मला. तू त्यांच्या घरची."

"घरची?" तृप्तीचा आवाज चढला. "घरची म्हणून मला कायम जुनं मिळतं, ठाऊक हाय तुला? जुनी सीट, जुने बूट. 'तू काय, घरचीच' म्हणायचं आणि वापरलेलं द्यायचं. आज पहिल्यांदा कोरं दिलं, तवाच मला खटकलं. आणि परवा काकूंना काय म्हणत होते? 'शेळके यंदा तयार हाय.' मी माझ्या कानानं ऐकलंय."

हे मला ठाऊक नव्हतं. खरं तर मला गुदगुल्या व्हायला हव्या होत्या, पण माझ्या मनात आलं ते दुसरंच : ही हे आताच का सांगतेय?

"चल, सरांनाच विचारू," मी म्हटलं. "दोघी समोर उभ्या राहू. मग बघू कुणाच्या डोळ्याला डोळा देतात."

सरांचा मुक्काम सरपंचांकडे होता. दिवेलागण व्हायची होती. आम्ही अंगणात पोचलो तर ओसरीवर सरांच्या बरोबर शिंत्रे साहेब बसलेले. साहेबांची फौंड्री होती, आणि क्लबच्या सायकली, टायर, टेम्पोचं डिझेल, सगळं त्यांच्या जिवावर चालायचं. आमच्या चाहुलीआधीच साहेबांचा आवाज कानावर आला.

"दळवी, स्पष्ट सांगतो. यंदा आपली एक तरी पोरगी संघात दिसली पाहिजे. नाहीतर पुढं क्लबचं माझ्याच्यानं व्हायचं नाही."

"साहेब, निर्धास्त राहा," सर म्हणाले. "एक नक्की."

तृप्तीने माझा दंड इतका घट्ट धरला की नखं रुतली.

आम्ही पुढे झालो. सरांनी आम्हाला पाहिलं, आणि त्यांच्या तोंडून पहिला शब्द काय निघावा?

"दोघी? एकत्र कशा काय?"

तीन वर्षं आम्ही एकत्र उठलो, एकत्र पळालो, एका टेम्पोत आलो, एका घरात उतरलो. आणि सरांना आमच्या एकत्र असण्याचं नवल वाटलं. मी विचारायला आलेला प्रश्न गिळून टाकला. उत्तर देणाराच घाबरलाय म्हटल्यावर त्या उत्तराचं काय करायचं?

"काही नाही सर," मी म्हटलं. "उद्या किती वाजता निघायचं ते विचारायला आलो."

"आठला शर्यत. लवकर जेवा, लवकर झोपा." मग सर साहेबांकडे बघून मोठ्याने म्हणाले, "दोघी मला सारख्याच हो. दोन डोळ्यांसारख्या."

परतताना बांधावरून एकामागे एक चालत होतो.

"ऐकलंस?" तृप्ती म्हणाली. "एक नक्की."

"ऐकलं. ती एक म्हणजे तू."

"शपथ घे. मला वाटतंय ती तू."

तिला खरंच तसं वाटत होतं का, की मला वेडी बनवत होती? मी तिच्या पाठीकडे बघत चालले, पण पाठीवरून काय कळतंय? पश्चिमेला ढग आणि लाली दोन्ही होतं, आभाळसुद्धा धड एका बाजूला उभं राहायला तयार नव्हतं.

पडवीत आल्यावर तृप्ती तिच्या सायकलपाशी बसली आणि म्हणाली, "मला तुझा एक टायर दे."

"का म्हणून?"

"माझा एक तू घे. दोघींच्या सायकलला एक दातऱ्या, एक चपट्या. ज्या कुणाला फसवलंय ती अर्धीच फसंल. आणि जिला खरं सांगितलंय तिचा पण फायदा अर्धाच."

"आणि सरांचा नियम? खिलार आणि रेडा?"

"सरांचं नाव काढू नकोस आता."

तिचं बोलणं पटण्यासारखं होतं, आणि म्हणूनच मला पटेना. कुणी इतकं सरळ बोललं की मी वाकडं कुठे आहे ते शोधते. टायर बदलायची कल्पना तिला आत्ता सुचली की सकाळपासून तिच्या डोक्यात होती? टायरमध्ये आतून एखादी चीर असली तर? काच असली तर?

"आधी तुझा टायर काढ," मी म्हटलं. "मी बघणार."

"बघ की. मी पण तुझा बघणार."

दोघींनी पडवीतल्या दिव्याच्या उजेडात एकेक टायर उतरवला आणि एकमेकींच्या हातात दिला. मग समोरासमोर मांडी घालून, जराही लाज न बाळगता, आम्ही टायरच्या आतून बोटं फिरवत बसलो. तांदूळ निवडावेत तसं. मी दोनदा फिरवलं. ती वास घेऊन बघत होती.

"वास कशाचा घेतीस?"

"तू दुधाचा घेतीस म्हणून मी काय बोलते का कधी?"

मला हसू आलं. मी ते दाबलं.

"पुढं कुठला लावायचा?" मी विचारलं.

तिने हनुवटीवरच्या व्रणावर बोट ठेवलं. गेल्या पावसाळ्यात पन्हाळ्याच्या उतारावर ती तोंडावर पडली होती. "मागचं चाक घसरलं तर माणूस कंबर हलवून सावरतंय. पुढचं घसरलं की थेट हनुवटी. दात असलेला पुढं. पळणारा मागं."

मला यात काही खोट काढता आली नाही. तरी मी तिने आधी तिच्या सायकलला तसा लावेपर्यंत थांबले.

रात्री पाऊस आला आणि अर्ध्यावर सोडून गेला. सकाळी बघतो तर सडा वाऱ्याने लख्ख वाळलेला आणि रानातली झाडं अजून टपटपत होती. सर शिंत्रे साहेबांना घेऊन, शर्यत जिथे संपणार होती त्या टेकाडावर जाऊन बसले होते. सुरुवातीच्या रेघेकडे फिरकलेसुद्धा नाहीत. बाकीच्या गावांच्या मुलींनी आमच्या सायकलींकडे पाहिलं आणि एकमेकींना कोपरखळ्या मारल्या. पुढे एक, मागे एक, अशा सायकली घेऊन आम्ही दोघी सर्कशीतल्यासारख्या उभ्या होतो.

शिट्टी झाली. सड्यावर माझा पुढचा दातऱ्या घूं घूं करायला लागला. पण मागचा चपट्या हलका पळत होता, आणि जोर तर मागच्याच चाकावर असतो. पाय जड झाले नाहीत. चपटे लावलेल्या दोघी-तिघी पुढे गेल्या, मात्र फार पुढे नाही. मग रान आलं. पहिल्याच लाल वळणावर साताऱ्याची एक उंच मुलगी पुढच्या चाकावरून जी गेली ती करवंदीच्या जाळीतच. तिच्यामागची तिला चुकवताना आडवी झाली. माझ्या दातऱ्याने मात्र वळण असं धरलं की जणू कुणी सायकलला नाकात वेसण घातलीय. मागचं चाक इकडे तिकडे शेपूट हलवत होतं, मी कंबर हलवून सावरत होते. अगदी तृप्ती म्हणाली तसंच.

दुसऱ्या फेरीला रानातून बाहेर पडलो तेव्हा पुढे आम्ही दोघीच उरलो होतो. पुढे मी, मागे ती. मुरमाचा उतार संपला, सडा लागला. मला ती दिसत नव्हती, पण ऐकू येत होती. तिची सायकल माझ्याच सायकलीसारखी आवाज करत होती, पुढून घूं घूं, मागून सरसर. माझाच आवाज माझ्या मागे लागल्यासारखं वाटत होतं. समोर टेकाड दिसायला लागलं, टेकाडावर माणसं, माणसांत सरांची पांढरी टोपी. आता फक्त पाय मारायचे होते. संघाचा शर्ट मला जवळजवळ अंगावर चढल्यासारखा वाटत होता.

आणि मागून ती ओरडली.

"वैजू! थांब! मागच्या टायरात काटा हाय!"

हेच. हेच, मी म्हटलं मनाशी. याचीच वाट बघत होती बया. काल वास घेत बसली, आज काटा दाखवतेय. थांबले की गेली पुढे. मी दात आवळले आणि पाय मारले. मग मला आवाज आला. टक. टक. टक. चाक फिरेल तसा. पण तो आवाज खरा होता की तिने डोक्यात घातला म्हणून ऐकू येत होता? दोन-तीन फेरे मी नुसता ऐकला. टक. टक.

मी ब्रेक दाबले.

मागच्या चाकात करवंदीची एक वाळकी फांदी अडकली होती. एक काटा टायरच्या दाण्यांत रुतून बसलेला, आणि दर फेऱ्याला फांदीचं टोक सांगाड्यावर आपटून तो आणखी आत शिरत होता. मी फांदी हाताने उपटली. काटा आरपार गेला नव्हता. तळहातातून रक्त आलं. मी मान वर केली तेव्हा तृप्ती माझ्या बाजूने पुढे निघून गेली होती.

मी जीव तोडून पाठलाग केला. ती एका सायकलीच्या अंतराने जिंकली.

तिने सांगितलं ते खरं होतं. सोयीचंही होतं. न थांबता मी टेकाडापर्यंत पोचले असते का, की शंभर पावलांवर हवा जाऊन बसले असते? याचं उत्तर मला आजही माहीत नाही, आणि माझ्यासारख्या बाईला उत्तर माहीत नसणं म्हणजे काय ते मलाच ठाऊक. त्या वेळी तर मी सायकल टाकून कातळावर बसले आणि सगळ्यांसमोर रडले. संघ गेला होता. कायमचा.

टेकाडावर सर नाचायचेच बाकी होते. त्यांनी शिंत्रे साहेबांचा हात दोन्ही हातांत धरला होता आणि आनंदात त्यांना आवाजाचं भान राहिलं नव्हतं.

"म्हणालो होतो का नाही साहेब, एक नक्की! काल मी पक्का बंदोबस्तच करून ठेवला. एकीला चिखलाचे टायर दिले, एकीला कातळाचे. पाऊस पडला तर वैजू, नाही पडला तर तृप्ती. आभाळानं काही केलं तरी आपली एक पोरगी पुढं! सकाळी सडा वाळलेला बघितला आणि म्हटलं, तृप्तीच."

माझं रडणं थांबलं. तृप्ती सायकलच्या दांडीवर ओणवी होऊन धापा टाकत होती, तिनेही मान वर केली. काल दिवसभर आम्ही दोघी 'तुला खरं सांगितलं, मला खोटं' करत भांडलो होतो. सरांनी खोटं कुणालाच सांगितलं नव्हतं, आणि खरंही कुणाला नाही. त्यांना स्वतःलाच काही ठाऊक नव्हतं. ठाऊक एवढंच होतं की दोघींतली एक वाया जाणार, आणि कोण जाणार याचं त्यांना काही वाटत नव्हतं. मला एकीलाच फसवलं असतं तर मी त्यांना कधीतरी माफ केलं असतं.

साहेबांनी हार उचलला. सर तृप्तीची पाठ थोपटायला वाकले, आणि वाकलेले तसेच राहिले. त्यांनी तिचं पुढचं चाक पाहिलं, मागचं पाहिलं. मग माझी आडवी पडलेली सायकल पाहिली. पुन्हा तिची.

"हे काय?" ते म्हणाले. "जोडी मोडलीत? दोघींनी? कुणी सांगितलं तुम्हाला हे करायला?"

"तुम्हीच, सर," तृप्ती म्हणाली. तिला अजून धाप लागलेली होती. "मला एक सांगितलंत, हिला एक. आम्ही दोन्ही ऐकलं."

साहेबांचा हार हातातच राहिला. त्यांनी सरांकडे पाहिलं, आणि सरांनी कातळाकडे. टोपी काढून ते उगाच झटकत बसले.

त्यानंतर सरांच्या शिट्टीवर आम्ही दोघींनी कधी सायकल काढली नाही. तृप्ती राज्याच्या संघातून देशपातळीच्या शर्यतीला गेली, आणि जायच्या आदल्या आठवड्यात, एक दिवस आधी निरोप धाडून, आमच्या घरी आली. तिथली वाट कशी आहे याची कुणालाच कल्पना नव्हती, म्हणून दोन्ही जोड्या पुऱ्या करायला तिला माझ्याकडचे दोन्ही टायर हवे होते. मी ते धुऊन, पुसून माळ्यावर ठेवलेले. खाली काढून दिले. तिने ते खांद्यावर अडकवले, पण दारातून हलेना.

"एक विचारू?" ती म्हणाली. "मी ओरडले तवा तू थांबलीस कशी? खरं सांगते वैजू, मी असते तर थांबले नसते."

मला तिचा राग यायला हवा होता. आला नाही. निदान ती खरं बोलत होती.

"सर ओरडले असते तर मी पण नसते थांबले," मी म्हटलं.

ती जिना उतरायला लागली. मी वरून बघत होते. मधल्या पायरीवर ती थांबली, एक टायर खांद्यावरून काढला आणि आतून सगळीकडे बोट फिरवून बघितलं. मग दुसराही बघितला. तिने मान वर केली तेव्हा मी तिथेच उभी होते.

"बघ, नीट बघ," मी म्हटलं. "मी पण काल रात्री दोनदा बघितलेत."